नाट्यगीत-भावगीतांच्या वाद्यवृंदासाठी नेता-आणता येईल अशी ध्वनियंत्रणा कोणती घ्यावी?

संवादिनी_फोंडा यांचा प्रश्न

सर्वांस नमस्कार.

आमचा सात जणांचा वाद्यवृंद फोंडा तालुक्यात आहे. दोन गायक, संवादिनी, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि बेस गिटार असा आमचा संच असून पूर्वार्धात नाट्यपदे व अभंग, उत्तरार्धात भावगीते आणि थोडी कोकणी गीते, असे आमच्या कार्यक्रमाचे स्वरूप असते. देवळांचे सभामंडप, चवथीच्या दिवसांतील सार्वजनिक मंडप आणि लग्नघरासमोर घातलेले मंडप या आमच्या नेहमीच्या जागा. श्रोते दीडशे ते तीनशेच्या दरम्यान असतात आणि त्यांतील निम्मे तरी सतरंजीवर बसलेले असतात.

आजवर आम्ही आयोजकांनी ठरवलेल्या साऊंडवाल्यावर अवलंबून राहिलो. कधी व्यवस्था उत्तम असते, तर कधी डग्गा ऐकूच येत नाही आणि गायकाने तार सप्तकात जाताच माईक शिट्टी मारू लागतो. त्यामुळे स्वतःची यंत्रणा घेण्याचे आम्ही ठरवले आहे. ती एका व्हॅनमध्ये वाद्यांसह मावावी, दोघांना मांडता यावी आणि माईक धरून पावणेदोन लाखांच्या आसपास बसावी, अशी अपेक्षा आहे.

तीन पर्याय समोर आहेत. पहिला यामाहाचा स्टेजपास ६०० बीटी, ज्यात मिक्सर, दोन स्पीकर आणि अँप्लिफायर एकत्रच येतात. दुसरा बोसच्या एल-१ प्रो १६ सारखा उभा, सडपातळ स्तंभ. तिसरा म्हणजे स्वतंत्र मिक्सर आणि त्याला जोडलेले दोन ॲक्टिव्ह, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेले, स्पीकर. दुकानदाराने पंधरा इंचीच घ्या, वॉट जास्त मिळतात, असा आग्रह धरला आहे. आमच्या ऑक्टोपॅडवादकाला सबवूफरही, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकरही, हवा आहे. तीनशे श्रोत्यांसाठी नेमके किती वॉट लागतात, सभामंडपात कोणता प्रकार चालतो आणि गावाकडच्या विजेवर ही उपकरणे टिकतात का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ध्वनी_माशेल यांचे उत्तर

आपण वॉट विचारलेत, परंतु माझ्या मते सुरुवात वॉटपासून करू नये. प्रथम एका कागदावर आपल्या संचातून मिक्सरपर्यंत येणाऱ्या तारा मोजाव्यात. दोन गायकांचे दोन माईक, निवेदकाचा एक, संवादिनीचा एक, तबला आणि डग्गा यांचे दोन, कीबोर्डच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोन, ऑक्टोपॅडची किमान एक आणि बेस गिटारची एक, अशा दहा तारा झाल्या. त्यांपैकी सहा माईकच्या आहेत. पाहुणा गायक किंवा बासरीवादक आला की सातवा माईक लागणारच.

आता हाच कागद आपल्या पहिल्या दोन पर्यायांसमोर धरून पाहा. स्टेजपास ६०० बीटीवर दहा चॅनेल लिहिलेले असतात, पण माईक लावता येतील असे चॅनेल त्यांत चारच आहेत. उरलेले सहा म्हणजे कीबोर्डसारख्या वाद्यांसाठीच्या तीन स्टिरिओ जोड्या होत. एल-१ प्रो १६ मध्ये माईकची सॉकेट दोनच आहेत. म्हणजे स्तंभ घेतला तरी मिक्सर वेगळा घ्यावाच लागेल. गायक, संवादिनी आणि तबला एवढ्याच बैठकीला स्टेजपास छान आहे आणि मी तो आनंदाने वापरतो; आपल्या संचाला तो पहिल्याच कार्यक्रमात अपुरा पडेल.

म्हणून माझी शिफारस अशी की, पैशाचा मोठा वाटा मिक्सर आणि माईक यांच्यावर खर्च करावा आणि स्पीकर त्यानंतर निवडावेत. साधा मिक्सर हवा असेल तर यामाहाच्या एमजी १६ एक्सयूवर माईकसाठी दहा जागा आहेत. डिजिटल चालत असेल तर बेहरिंगरचा एक्सआर १८ पाहावा: माईकच्या सोळा जागा, मॉनिटरसाठी, म्हणजे कलाकारांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरसाठी, सहा स्वतंत्र वाटा आणि प्रत्येक चॅनेलवर हवा तसा इक्वलायझर, हे सारे एका पिशवीएवढ्या पेटीत मिळते आणि टॅबलेट हातात घेऊन शेवटच्या रांगेत उभे राहून आवाज जुळवता येतो. मात्र त्याच्या आतल्या वाय-फायवर विसंबू नये. सभामंडप माणसांनी आणि त्यांच्या खिशातील मोबाइलांनी भरला की तो संपर्क तुटतो. त्यासाठी ५ गिगाहर्ट्झवर चालणारा एक लहान राउटर त्याला तारेने जोडून ठेवणे आवश्यक आहे.

आता वॉटविषयी. स्पीकरच्या खोक्यावर ठळकपणे छापलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. सलग मिळणारी शक्ती त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाजात ३ डेसिबलचीच भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. याउलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. त्यामुळे ५०० वॉटऐवजी १००० वॉट घेतल्याने जो फरक पडतो, त्याहून अधिक फरक स्पीकर श्रोत्यांपासून आठ मीटरऐवजी चार मीटरवर ठेवल्याने पडतो, आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

हिशेबासाठी यामाहाचाच डीबीआर १० घेऊ. दहा इंची, ७०० वॉटचा हा स्पीकर १०.५ किलोचा आहे आणि त्याची कमाल ध्वनिपातळी एक मीटरवर १२९ डेसिबल सांगितलेली आहे. ती क्षणिक आहे हे लक्षात घेऊन आपण खुशाल १५ डेसिबल वजा करू. उरलेल्या ११४ मधून सोळा मीटर अंतरासाठी २४ वजा केले तरी शेवटच्या रांगेत ९० डेसिबल पोचतात, तेही एकाच स्पीकरचे. नाट्यपदाला याहून जास्त आवाज कशासाठी हवा? बारा इंची डीबीआर १२ मध्ये २ डेसिबल अधिक मिळतात, पण वजन १५.८ किलोवर जाते.

पंधरा इंचीच्या आग्रहाला माझा विरोध आहे आणि तो केवळ वजनापुरता नाही. पंधरा इंची कोनाचा व्यास ३८ सेंटिमीटर असतो. सुमारे ९०० हर्ट्झच्या वर ध्वनीची तरंगलांबी या व्यासाहून लहान होते आणि आवाज समोरच्या अरुंद पट्ट्यात एकवटू लागतो. शब्दाची स्पष्टता नेमकी त्याच्या वरच्या भागात असते. परिणामी मध्यभागी बसलेल्यांना गायकाचे शब्द स्वच्छ कळतात आणि खांबांच्या पलीकडे, कडेला बसलेल्यांना ते गुदमरल्यासारखे ऐकू येतात. डीजेच्या गाण्यांना ते खपून जाते. शब्दप्रधान गायकीला मात्र मारक ठरते.

माईकच्या शिट्टीचे मूळही बहुधा वॉटमध्ये नसते. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपूर्वी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते, हा सर्वांत दुर्लक्षित नियम आहे. एका माईकऐवजी आठ उघडे ठेवले, तर ९ डेसिबल गेलेच. म्हणून निवेदन संपताच निवेदकाचा माईक बंद करावा. गायकाने माईकपासूनचे अंतर निम्मे केले, तर त्याचा आवाज माईकमध्ये ६ डेसिबलने वाढतो. तेवढ्यासाठी स्पीकरची शक्ती चौपट करावी लागली असती. गायकांसाठी शूरचा एसएम ५८ मी डोळे मिटून सुचवतो. १९६६ पासून तो जवळजवळ त्याच रूपात मिळतो आहे आणि मागच्या बाजूचा आवाज तो चांगला टाळतो. नकली एसएम ५८ बाजारात भरपूर आहेत, म्हणून पक्के बिल देणाऱ्याकडूनच घ्यावा.

थोडक्यात, आपल्या जागी मी असतो तर दोन दहा किंवा बारा इंची ॲक्टिव्ह स्पीकर, उंच होणारे मजबूत स्टँड, सोळा चॅनेलचा मिक्सर आणि चांगले माईक एवढे घेतले असते. उरलेल्या पैशांत सबवूफर नव्हे, तर मॉनिटर घेतला असता.

कीबोर्ड_म्हापसा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण स्तंभाच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे. आम्ही तिघे जण असतो आणि गेली काही वर्षे एल-१ जातीचा एकच स्तंभ वापरतो.

देवळाचा सभामंडप म्हणजे खाली संगमरवर, बाजूला गुळगुळीत खांब आणि वर घुमणारे छत. साध्या स्पीकरमधून निघालेला आवाज वरखाली पसरतो, छतावर आणि फरशीवर आपटतो आणि सगळ्या ताना एकमेकींत मिसळून जातात. स्तंभात लहान स्पीकर एकावर एक रचलेले असल्यामुळे आवाज आडवा भरपूर आणि उभा मर्यादित पसरतो. छताकडे जाणारा आवाज कमी झाला की शब्द सुटे ऐकू येतात. हा फरक कानांनी अनुभवण्यासारखा आहे. एल-१ प्रो १६ मधील रचना वर सरळ आणि खाली किंचित पुढे वळलेली आहे. आपले निम्मे श्रोते सतरंजीवर बसतात, तेव्हा हे वळण महत्त्वाचे आहे. याउलट प्रो ३२ पूर्णपणे सरळ आहे. तो उंच रंगमंचावर ठेवला, तर पुढ्यात जमिनीवर बसलेल्यांच्या डोक्यावरून त्याचा स्पष्ट आवाज निघून जातो.

जाहिरातींत म्हणतात की स्तंभाचा आवाज अंतराबरोबर कमी घटतो. ते खरे आहे, पण अर्धेच. अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी ३ डेसिबल घट हा लाभ स्तंभाच्या उंचीवर आणि स्वरांच्या उंचीवर अवलंबून असतो. माणसाएवढ्या उंचीचा स्तंभ तार सप्तकासाठी हे काही अंतरापर्यंत करतो, डग्ग्यासाठी मुळीच करत नाही.

आपल्यासारख्या सात जणांच्या संचाला मात्र मी एक अडचण सांगेन. हा स्तंभ वादकांच्या मागे उभा करावा, म्हणजे तोच श्रोत्यांसाठी आणि तोच वादकांसाठी, अशी त्यामागची मूळ कल्पना आहे. आमच्या दोन माईकना ते सहज जमते. आपले सहा-सात माईक उघडे असतील, त्यांत संवादिनी आणि तबल्याचे माईक पूर्ण खुले, तर मागे ठेवलेला स्तंभ १८० अंशांत आवाज पसरवून थेट त्यांच्यात शिरेल. तो पुढे, बाजूला ठेवावा लागेल आणि मग मॉनिटर वेगळा लागेल. म्हणजे स्तंभाचा अर्धा फायदा संपला. आपल्या रकमेत दोन स्तंभ बसणार नाहीत. त्यामुळे निर्णय माशेलकरांच्या बाजूने झुकतो, हे मी मान्य करतो. तरीही खरेदीपूर्वी एका सभामंडपात दोन्ही प्रकार शेजारी ठेवून एकदा ऐकावेत, अशी विनंती आहे. दुकानातल्या गालिचा घातलेल्या खोलीत ऐकून काहीही कळत नाही.

वीजतंत्री_डिचोली यांचे उत्तर

मी वादक नाही. मंडपांची वीज जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे प्रश्नाच्या शेवटच्या भागापुरतेच लिहितो, आणि जाता जाता आवाजाच्या नियमांविषयीही, कारण कार्यक्रम बंद पडण्याची ही दोन प्रमुख कारणे मी पाहिली आहेत.

वीज लागते थोडी. हजार वॉटचे दोन ॲक्टिव्ह स्पीकर म्हणजे सतत दोन हजार वॉट, अशी समजूत असते. प्रत्यक्षात संगीत वाजत असताना सरासरी वापर कमाल क्षमतेच्या साधारण एक-अष्टमांश धरतात. एक चांगली पंधरा ॲम्पिअरची जोडणी आपल्या संपूर्ण संचाला पुरून उरते. धोका वेगळाच आहे. मोठ्या मंडपात तीन फेजची वीज आलेली असते आणि न्यूट्रलची तार कित्येकदा हाताने पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली असते. दिव्यांच्या माळा, पंखे आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल यांचा भार चढला की तो सांधा तापतो, सैल होतो, आणि न्यूट्रल सुटताच कमी भाराच्या फेजवर २३० च्या जागी ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. कोणताही मिक्सर त्यातून वाचत नाही. साधा स्टॅबिलायझर अशा वेळी पुरेसा ठरेलच असे नाही. दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण आपल्या स्वतःच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या आधी बसवून घ्यावे आणि मल्टिमीटर पेटीत कायम ठेवावा. वायर जोडण्यापूर्वी फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ या दोन्ही जोड्या मोजाव्यात. दुसरीत दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक दिसले, तर तेथील विजेवर विश्वास ठेवू नये. उपकरणाच्या मागील पट्टीवर लिहिलेला विद्युतदाबही वाचावा, कारण काही उपकरणे १०० ते २४० व्होल्ट सर्व स्वीकारतात, काही नाहीत.

स्पीकरमधून घरघर येते म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याची पद्धत मी ठिकठिकाणी पाहिली आहे. कृपया हे कधीही करू नये. लोखंडी जाळीचा माईक ओठांना लागलेला असतो. मिक्सर, स्पीकर आणि कीबोर्ड एकाच बोर्डावरून चालवावेत आणि कीबोर्ड व बेस गिटार डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत माईकसारखा करून मिक्सरला देणाऱ्या लहान पेटीतून) जोडावेत. बहुतेक घरघर तेवढ्यानेच जाते, राहिलीच तर डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे (संकेताच्या तारेतील अर्थ तोडणारे) बटण त्यासाठीच असते.

आता नियम. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी तो वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी रात्री १२ पर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकते. बंदिस्त सभागृहांना रात्रीच्या बंदीतून सूट आहे, परंतु तीन बाजूंनी उघडा असलेला सभामंडप बंदिस्त आहे असे धरून चालू नये. निवासी भागातील दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल तेच चालते. म्हणजे वस्तीतल्या देवळाच्या हद्दीवर ६५. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय १०० मीटरच्या आत असेल, तर तो शांतता क्षेत्राचा प्रश्न होतो.

माशेलकरांनी सांगितलेल्या हिशेबानेच पाहा: पहिल्या रांगेत, चार मीटरवर ८५ डेसिबल ठेवले, तर मोकळ्या जागेत आठ मीटरवर ७९, सोळावर ७३, बत्तीसवर ६७. हद्द बत्तीस मीटरवर असेल, तर ८५ सुद्धा जास्त झाले. अशा परिस्थितीत १३२ डेसिबलचा स्पीकर विकत घेऊन त्याचे करायचे काय, हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा.

उत्सव_समिती_साखळी यांचे उत्तर

आयोजकाच्या बाजूने एक सूचना. आमच्याकडे पालखीच्या रात्री राजांगणात हजारभर माणसे जमतात आणि त्या दिवशी कोणत्याही पथकाची दोन स्पीकरची जोडी पुरत नाही. तेथे भाड्याची मोठी यंत्रणा असतेच. अशा ठिकाणी पथकाने आपला मिक्सर, माईक आणि मॉनिटर घेऊन यावे आणि केवळ डाव्या-उजव्या बाजूच्या दोन तारा आमच्या साऊंडवाल्याच्या हाती द्याव्यात, हे सर्वांत सोयीचे ठरते. कोणत्या माईकमध्ये काय येते ते पथकालाच ठाऊक असते. आमच्या साऊंडवाल्याला एकाच रात्री फुगडी, भजन, नाटक आणि आपला कार्यक्रम सांभाळायचा असतो, त्यात तुमचा डग्गा त्याच्या लक्षात राहत नाही, हे आम्हीही जाणतो. मिक्सरला जास्त पैसे ठेवावेत, या मताला यामुळेही पुष्टी मिळते. येताना दोन्ही प्रकारच्या पिनांच्या लांब तारा मात्र स्वतःच्या आणाव्यात.

संवादिनी_फोंडा

सर्वांना देव बरे करो. एवढे सविस्तर कोणी लिहील असे वाटले नव्हते. काल आम्ही सर्वांनी एकत्र बसून वाचले आणि पंधरा इंचीचा विषय तेथेच मिटला. स्तंभ प्रत्यक्ष ऐकून पाहूच, परंतु दोन स्वतंत्र स्पीकर आणि डिजिटल मिक्सर यांच्याकडे मत वळले आहे.

ऑक्टोपॅडवादकाचे समाधान अद्याप झालेले नाही. सबवूफरशिवाय बेस गिटार आणि ऑक्टोपॅडवरचा ढोल पोकळ वाटेल, असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय चवथीच्या दिवसांत आम्ही आरत्यांना घुमट घेतो. त्याला माईक कसा लावावा हे आम्हाला कधीच जमलेले नाही. आणि मॉनिटर एकच परवडणार असेल, तर तो कोणापुढे ठेवावा?

ध्वनी_माशेल

सबवूफरचे आधी. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते आणि डीबीआर १० हा ५५ च्या आसपास संपतो, हे खरे. पण त्या स्वरातच मिसळलेला, दुप्पट कंपनांचा दुसरा स्वरांश ८२ हर्ट्झवर असतो, तो स्पीकर देतो, आणि कानाला स्वर कळतो तो बराचसा त्यावरून. नाट्यपद आणि भावगीत यांना एवढे पुरते. कोकणी गीतांच्या उत्तरार्धात छातीत जाणवणारा ठोका हवा असेल, तर मात्र सबवूफरला पर्याय नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खर्जातील आवाज भिंती जुमानत नाही; मोजणीच्या यंत्रावर डेसिबल-ए मध्ये (खर्जाला कमी धरणाऱ्या मापात) तो कमी दिसतो, पण शेजारच्या घरातील खिडक्यांची तावदाने त्यानेच थरथरतात आणि तक्रार त्यामुळेच होते. दुसरे म्हणजे घुमणाऱ्या सभामंडपात तो तबल्याच्या बोलांवर पसरतो. म्हणून पहिले वर्ष सबवूफरविना काढावे, लागेल तेथे भाड्याने आणावा. सर्व गायकांच्या आणि संवादिनीच्या चॅनेलवर १०० हर्ट्झखालील आवाज कापणारे बटण लावले, तर बेस आणि डग्ग्यासाठी इतकी जागा मोकळी होते की, बऱ्याचदा सबवूफरची आठवणही राहत नाही.

घुमटाविषयी विचारलेत याचा आनंद वाटला, कारण आपल्या या वाद्याला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण त्याला माईक लावण्याचा विचार फारसा कोणी करत नाही. सर्वसाधारणपणे माईक चामड्यासमोर धरला जातो. तेथे बोटांचा कडक टणत्कार तेवढा मिळतो. घुमटाचा खरा घुमार मागच्या लहान, उघड्या तोंडातून येतो, जे वादक डाव्या तळव्याने झाकतो आणि उघडतो. नाद चढतो-उतरतो तो तेथेच. मात्र माईक त्या तोंडासमोर सरळ धरला, तर प्रत्येक ठोक्यासरशी हवेचा झोत त्यावर आदळतो आणि स्पीकरमधून नुसते फट्फट् ऐकू येते. यासाठी माईक वादकाच्या डाव्या बाजूला, उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणि झोताच्या रेषेतून बाजूला तिरपा असा ठेवावा. तळवा माईकला लागत नाही एवढे आधी वादकाकडून वाजवून घेऊन पाहावे. घुमट दोन-तीन असतील, तर प्रत्येकाला माईक देण्याचा मोह टाळावा. त्यांना अर्धवर्तुळात बसवून एकच माईक मध्ये ठेवला, तरी शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कांसाळ्यांसह (झांजांसह) ठेका उत्तम उतरतो. कांसाळी माईकपासून जितकी दूर जातील तितके बरे.

तबल्याला आपण दोन माईक धरले आहेत, ते योग्य आहे. दायाँचा माईक शाईकडे न रोखता काठाकडे रोखावा, म्हणजे बोल सुटे येतात. डग्ग्याचा माईक वरून, मनगट आडवे येणार नाही अशा बाजूने द्यावा आणि शिट्टी प्रथम येथूनच सुरू होते हे गृहीत धरून त्याची पातळी सर्वांत शेवटी चढवावी. संवादिनीला माईक भात्याच्या बाजूने लावला की हवेची फुसफुस येते. तो सुरांच्या पट्ट्यांच्या वर, थोडा वादकाच्या विरुद्ध बाजूला असावा.

मॉनिटर एकच असेल, तर तो गायकांपुढे ठेवावा आणि त्यात गायकांचा आवाज व संवादिनी एवढेच द्यावे. बैठकीत सारे काही जमिनीलगत असते, त्यामुळे मॉनिटर आणि माईक यांच्यात अंतर फार कमी उरते. एसएम ५८ सर्वांत बहिरा असतो तो थेट पाठीमागून. म्हणून मॉनिटर माईकच्या शेपटीच्या रेषेत यावा, कडेला नको. गायकाने माईकची जाळी मुठीत धरली की हा गुण नाहीसा होतो आणि शिट्टी सुरू होते, हे त्यांना स्पष्ट सांगावे. मुख्य स्पीकर सर्व माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला आणि बसलेल्यांच्या नव्हे, तर उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरून आवाज जाईल एवढ्या उंचीवर ठेवावेत. चवथीच्या मंडपात मागे उभी राहणारी माणसे नेहमीच असतात. स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी टाकायला विसरू नये, मुले तेथेच खेळतात.

खरेदी पावसाच्या तोंडावर होणार असेल, तर एवढे पाहावे. प्लास्टिकच्या आवरणात बंद करून ठेवलेला स्पीकर आपल्या हवेत आतून घामेजतो. कापडी आवरण वापरावे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा सर्व उपकरणे तासभर चालू ठेवावीत. समुद्रालगत कार्यक्रम झाल्यास त्याच रात्री तारांची टोके कोरड्या फडक्याने पुसून कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. बिलावर स्पीकरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र गोव्यात आहे की मुंबई-बेळगावला पाठवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. चतुर्थीच्या आठवडाभर आधी बिघडलेला मिक्सर कुरियरमध्ये अडकला, तर भाड्यानेही दुसरा मिळत नाही. त्या दिवसांत गोव्यातला प्रत्येक मिक्सर कोठे ना कोठे लागलेला असतो.